नऊ वाजताचे हात

डोक्यावर खुर्ची घेऊन ती जिन्यात अडकली, तेव्हा तिला दुसऱ्या कुणाचा नाही, स्वतःचाच राग आला होता. खुर्ची चौथ्या मजल्यावरच्या वकिलांची, मामाच्या सुतारकामाच्या दुकानातून पोचवायची, आणि लिफ्ट बंद. मामा म्हणाला होता, थांब, रंध्याचं काम संपवून मी येतो. पण ऐकेल तर ती कसली! सव्वीस वर्षांची झाली तरी हट्ट तसूभर कमी झाला नव्हता, आणि मामीच्या मते तिचं लग्न न जमण्याचं तेच एक कारण होतं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उजव्या खांद्यात कट्कन काहीतरी झालं आणि खुर्चीचा पाय धरलेला हात वरच राहिला. खाली येईना.

वरून एक जण उतरत आला. पांढरा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, अंगाला कसल्याशा तेलाचा मंद वास. दोन पायऱ्या वर थांबून त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं.

“आधी काय उतरवू? खुर्ची की हात?”

“खुर्ची,” ती म्हणाली. “परवाच पॉलिश केलंय. पायांना धरा, पाठीला बोट लावू नका.”

“आणि हाताला लावलं तर चालेल?”

काही तिखट बोलावं असं तिच्या मनात होतं, पण कळ अशी आली की तिनं नुसती मान हलवली. त्यानं खुर्ची अलगद खाली ठेवली, तिच्या कोपराखाली दोन बोटं टेकवली आणि श्वास सोडायला सांगितला. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा हात सुरळीत खाली आला. हे सगळं होईपर्यंत तो तिच्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिच्या ते लक्षात आलं, आणि का कोण जाणे, बरं वाटलं.

तिसऱ्या मजल्यावर त्याचं आराम केंद्र होतं. मालिश, वाफ, श्वासाचे व्यायाम, आखडलेल्या माना आणि अडकलेले खांदे. खांद्यासाठी पाच वेळा यावं लागेल, असं त्यानं सांगितलं. खांदा तिसऱ्या वेळेलाच मोकळा झाला होता. ती सहाव्या वेळेलाही गेली.

“मालिशवाला आणि पॉलिशवाली,” मामी घरी म्हणाली. “बाहेर पाटीच लावा एकदाची.” मामा पेपरमागे हसला. तिनं मामीला धारेवर धरलं, आणि मग खोलीत जाऊन स्वतःच हसली.

त्याची अर्धी हकिकत तिला त्याच्याच तोंडून कळली. त्यानं बाजूच्या गल्लीत मोठी जागा घेतली होती. तिथली टेबलं, बाकं, दारं पॉलिश करायचं काम त्यानं तिला दिलं आणि एकच अट घातली... इमारतीत स्पिरिट आणायचं नाही. लाखेचं पॉलिश नको, मेणाचं करा.

“मेणाला चकाकी येत नाही,” ती म्हणाली.

“नको येऊ दे. मी दारुडा होतो. आठ वर्षं झाली सोडून. शेवटच्या दिवसांत दारू मिळेना, तेव्हा पॉलिशचं स्पिरिटसुद्धा प्यायलोय. डोळे जाता जाता वाचले. इथल्या अकरा जणांतले सहा माझ्यासारखेच आहेत.”

हवेत गारवा आहे असं सांगावं, तितक्या साधेपणानं त्यानं हे सांगितलं. ती बघतच राहिली. आपल्या चुका झाकायला माणसं काय काय पांघरुणं घालतात, आणि हा उघड्यावर उभा होता.

पुढचं काउंटरवर बसणाऱ्या त्याच्या मावशीनं सांगितलं. छापखान्यातली नोकरी गेली, खोली गेली, वडिलांनी बोलणं टाकलं आणि ते टाकलेलंच ठेवून गेले. मावशीनं त्याला मंडईच्या ओट्याखालून उचलून व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथे आबा नावाचे एक वयस्कर मालिशवाले होते. त्यांनी त्याच्या लटपटत्या हातात आपले दोन्ही पाय दिले आणि म्हणाले, दाब. वर्षभर त्यानं केंद्रातल्या साऱ्यांचे पाय दाबले. बाहेर आल्यावर घडीचं टेबल सायकलला बांधून दारोदार हिंडला. ओळखीची दारं तोंडावर बंद झाली, अनोळखी उघडली. पहिल्या गिऱ्हाइकाची मान सुटली, त्यानं दुसरा पाठवला. “सांगते काय,” मावशी म्हणाली, “माझे गुडघे आणि त्याचं नशीब एकाच वर्षी वळणावर आलं.”

नव्या जागेत कामाला लागली, त्या पहिल्याच सकाळी तिनं ती गोष्ट पाहिली. नऊ वाजता, जुन्या जागेत गिऱ्हाइकं घ्यायला जाण्याआधी, सगळे इथे गोल उभे राहिले आणि प्रत्येकानं दोन्ही हात पुढे केले. पालथे, बोटं सरळ. सर्वात आधी त्यानं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. वाफेची खोली सांभाळणाऱ्या उंच माणसाची बोटं किंचित हलत होती. तो स्वतःच बाजूला झाला आणि मावशीशेजारी टॉवेलच्या घड्या घालत बसला. नियम एवढाच होता, की थरथरता हात गिऱ्हाइकाच्या अंगावर पडता कामा नये, आणि त्या दिवशी तो माणूस घरी एकटाही राहता कामा नये. कारण काहीही असो. ताप, भांडण, जागरण... किंवा ते दुसरं. तिला तो गोल इतका आवडला, की रोज नऊला ती हातातलं काम थांबवून बघायची. आणि खरं सांगायचं तर गोलापेक्षा त्यातल्या हातांच्या एका जोडीकडेच जास्त.

तीन आठवडे असे गेले. तो दर दुपारी चहा घेऊन यायचा आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा.

“पॉलिशवाल्या बाई, हे लाकूड बोलतं का हो तुमच्याशी?”

“बोलतं. म्हणतं, मालकाला कामधंदा नाही वाटतं.”

“मालकाचा खांदा दुखतोय म्हणावं.”

“मग मालकानं चांगल्या मालिशवाल्याकडे जावं.”

तो हसायचा. मग दोघंही गप्प व्हायची, आणि त्या गप्प राहण्यात चहा हमखास निवायचा.

उद्घाटन दोन दिवसांवर आलं आणि तिच्यातला जुना हट्ट जागा झाला. दारासमोरचा लांब बाक मनासारखा होईना. मेण लावलं, घासलं, पुन्हा लावलं... तरी मंदच. येणारा प्रत्येक माणूस आधी त्या बाकावर बसणार. तिच्या कामाची लाज जाईल, आणि त्याच्या जागेचीही, असं तिनं स्वतःला पटवलं. एकदा पटवल्यावर काय, सोयीची कारणं रांगेत उभी राहतात. दुपारी सगळे जुन्या जागेत असताना तिनं पिशवीतून लाखेच्या पॉलिशची छोटी बाटली आणली आणि पातळ करायला स्पिरिटची दुसरी. खिडक्या सताड उघडल्या, कापडाचा बोळा फिरवला. बाक आरशासारखा झाला. बाटल्या तिनं कोठीच्या कपाटात मागे सारल्या, वास जायची वाट बघितली आणि घरी गेली. घरी गेली, ती बाटल्या विसरून.

सकाळी चहाचा कप हातात असताना आठवलं. मामी हाका मारत राहिली आणि ही चपला उलट्यासुलट्या घालून पळाली.

कपाटात लाखेची बाटली होती. स्पिरिटची मोरीजवळ पडली होती. रिकामी, टोपण उघडं.

बाहेर नऊ वाजले होते. गोल उभा होता. तो नेहमीसारखा सर्वात आधी पुढे झाला, हात पुढे केले... आणि ते थरथरत होते. थोडे नाही, चांगले दिसण्याइतके. उंच माणसानं मान खाली घातली, मावशीनं खुर्ची सरकवली. “आज घड्या मी घालतो,” तो म्हणाला, आणि जाऊन बसला.

कोठीच्या दारात ती उभी होती. बाटलीचं कुणाला माहीत नव्हतं. गप्प बसली असती, तर बाक चकाकत राहिला असता आणि दोष त्याच्या आठ वर्षांपूर्वीच्या नावावर जमा झाला असता. लोकांना पुरावा लागतोच कुठे? आणि समजा, तो खरंच प्यायला असेल तर? मग ते तिच्या हातून झालं होतं. असल्या माणसाबरोबर आयुष्य काढायची स्वप्नं ती गेले तीन आठवडे बघत होती, आणि त्या आयुष्यात ही भीती रोज चुलीशेजारी बसलेली असणार, हे तिला आत्ता कळत होतं.

मावशी टॉवेल आणायला आत गेली. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काल... कोठीत बाटली होती. मी आणलेली. तुम्ही प्यायलात का?”

त्यानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

“नाही.”

मग त्यानं सगळं सांगितलं. संध्याकाळी सहाला जागा बघायला आला, तर जिन्यातच वास आला. बाटली सापडायला वेळ लागला नाही, असल्या बाटल्या त्याला डोळे मिटूनही सापडतात. टोपण त्यानं उघडलं. उघडायला नको होतं. नाकाजवळ नेली... किती वेळ उभा होता ते आठवत नव्हतं. मग एका हातानं आबांना फोन लावला. आबा म्हणाले, ओत, आणि ओततोयस तो आवाज मला ऐकू दे. त्यानं ओतली. मग आबांकडे जाऊन झोपला. हात मात्र तेव्हापासून असेच होते.

“मला रागवा तरी,” ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी आता थांबत नव्हतं.

“रागावलोच आहे. माझं सोड. माझ्याआधी त्या सहांपैकी कुणी गेला असता कोठीत, तर? एका चकाकीसाठी?” आवाज त्यानं चढवला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “बाक बघितल्या बघितल्या कळलं होतं मला, कुणाचं काम ते. हात थांबले की बोलणार होतो.”

ती सहाही जणांपुढे जाऊन उभी राहिली आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्यांतल्या मालिश करणाऱ्या एक ताई तिच्याकडे न बघताच आत गेल्या. उंच माणूस म्हणाला, परत नको करूस बाई. एवढंच. मग तिनं पॉलिश पेपर घेतला आणि तो आरशासारखा बाक घासायला बसली. लाख सगळी उतरवायची होती, आणि तीही स्पिरिटशिवाय, नुसत्या हातानं. खांदा अर्ध्या तासातच कुरकुरू लागला.

थोड्या वेळानं समोर कुणीतरी बसलं.

“याला थरथरता हात चालतो का?”

“चालतो,” ती खाली बघत म्हणाली. “लाकडाला कळत नाही.”

त्यानं पेपरचा दुसरा तुकडा उचलला. दोघं दोन टोकांनी घासत राहिली. खिडकीबाहेर बारीक पाऊस लागला होता. लाखेची पिवळी भुकटी त्याच्या बाह्यांवर, तिच्या पापण्यांवर बसत होती. दुपारपर्यंत ती बाकाच्या मध्याशी, एकमेकांसमोर आली.

“थरथर कमी झाली का?” तिनं विचारलं.

“झाली होती. आत्ता पुन्हा वाढलीय. पण याचं कारण बाटली नाही.”

तिच्या गालांवर रंग चढला. भुकटीखाली तो दिसला की नाही, त्यालाच ठाऊक. मग तो हसायचा थांबला.

“एक सांगू? आठ वर्षं झाली. मी दारातून आत आलो की लोक आधी हळूच श्वास ओढून बघतात. वास येतो का ते. मावशी माझ्यासाठी जीव टाकते, पण तीसुद्धा. मला दिसतं ते, मी दिसलं नाही असं दाखवतो. तोंडावर कुणी विचारत नाही. आज तू विचारलंस...” तो अडखळला. “पुढेही विचारशील? म्हणजे... जन्मभर?”

ती पेपर फिरवत राहिली, त्याचा हात मात्र थांबला होता.

“मला शंका फार येतात,” ती म्हणाली. “मामीला विचारा हवं तर.”

“मामींना विचारायचंच आहे. वेगळं.”

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. ही थट्टेवारी न्यायची गोष्ट नव्हती, आणि तिच्या हट्टी डोक्याला एवढं नक्की कळत होतं.

“आज नाही म्हणालात. एखाद्या दिवशी उत्तर ‘हो’ आलं तर?”

“तेच तर मला विचारायचंय,” तो म्हणाला. “तेव्हा थांबशील का?”

तिनं हातातला पेपर खाली ठेवला. खोटं गोड उत्तर देणं सोपं होतं. कुणीही दिलं असतं.

“खोटं बोललास तर त्याच दिवशी जाईन,” ती म्हणाली. पहिल्यांदाच त्याला तू म्हणत होती, आणि तिला त्याचं भानही नव्हतं. “खरं बोललास तर थांबेन. आबांना फोन मी लावीन, आणि भांडीन पण. पण थांबेन.”

लाखेनं माखलेला त्याचा हात बाकावरून पुढे आला आणि तिच्या हातावर टेकला. थरथरत होता. तिनं तो तसाच राहू दिला.

“मावशीला सांगू?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

“आधी बाक पुरा होऊ दे,” ती म्हणाली. “उद्या लोक बसायचेत त्याच्यावर.”