मागून येणाऱ्यासाठी लाकडं

"ओ भाईसाब! ओ बॅगवाले! आपका चावल गिर रहा है!"

विशाखा ओरडली खरी, पण हसू दाबता दाबता तिची पुरेवाट झाली होती. बहरीनमधल्या तुबलीच्या खाडीकाठच्या फुटपाथवरून एक माणूस पाठीला हे एवढं मोठं धूड बांधून ताडताड चालला होता. धुडाच्या तळातून तांदळाची बारीक धार लागली होती आणि धारेमागून पंधरा-वीस कबुतरं. वरातच म्हणा ना!

माणूस थांबला, वळला. आधी कबुतरं बघितली, मग तांदूळ, आणि म्हणाला, "आयला!"

"मराठी होय!" दाबलेलं हसू शेवटी फुटलंच. "मग हिंदीत कशाला घसा फोडायला लावलात? आणि एवढं बिऱ्हाड घेऊन निघालात कुठं?"

"फिनलंडला." घाम पुसत तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

"चालत?"

"तिथं पोचल्यावर चालत. ब्याऐंशी किलोमीटर. जंगलातून, नदीकाठानं, तळ्यांच्या कडेकडेनं..." बोलता बोलता त्याचे डोळे कुठंतरी लांब गेले, आणि तिथून परत आले ते थेट तिच्यावर. "पाठीवर पंधरा किलो घेऊन चालता यायला हवं. म्हणून तांदूळ."

तो मार्च महिना होता. हवा अजून बरी होती.

विशाखा लांज्याची, अठ्ठावीस वर्षांची. उम्म अल हस्सममध्ये दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. दिवसभर लोकांचे सुजलेले गाल बघायचे आणि संध्याकाळी खाडीवर येऊन मोकळा श्वास घ्यायचा, हा तिचा नेम. विनीत देवगडकडचा, तुबलीतल्या एका गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा. "दुसऱ्यांना गार करायचं आणि आपण तापायचं, असा आमचा धंदा," असं तो म्हणाला आणि विशाखाला तो तिथंच आवडला. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा!

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. कबुतरांना बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

विनीतकडे जाड कागदाचा एक नकाशा होता. घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या. खाडीवर जितकं चालणं होईल तितकी पेन्सिलची रेघ तो त्या नकाशावर पुढं ओढायचा. तुबलीत तीन किलोमीटर झाले की तिकडच्या जंगलात तीन किलोमीटर झाले. विशाखाला हा खेळ फार म्हणजे फारच भावला.

"आज कुठं पोचलो आपण?" ती विचारायची.

"झुलत्या पुलाशी. खाली नदी आहे, जोरात वाहते."

"मला पूल हलला की भीती वाटते हं."

"मग धरा..." त्यानं हात पुढं केला — हात नव्हे, हातातली काठी! विशाखानं काठीचं दुसरं टोक धरलं आणि दोघं फुटपाथवरून तोल सांभाळल्यासारखे, पाय जपून टाकत चालले. समोरून आलेला एक बहरीनी म्हातारा बाजूला होऊन वाट देत हसला.

"आणि राहायचं कुठं?"

"जंगलात लाकडाच्या खोल्या आहेत. कुलूप नाही, भाडं नाही, रखवालदार नाही. येईल त्यानं राहायचं."

"आणि खोली भरलेली असली तर?"

"शेवटी येतो त्याचा हक्क पहिला. आधी आलेल्यांनी विसावा घेतलेला असतो, ऊब घेतलेली असते. त्यांनी उठायचं आणि मागून आलेल्याला जागा द्यायची. निघताना तिथल्या वहीत लिहायचं — नाव काय, पुढचा मुक्काम कुठला. आणि मागून येणाऱ्यासाठी लाकडं फोडून ठेवायची. रीतच आहे तशी."

"छान आहे की रीत! आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमला लावते उद्यापासून."

तो मनापासून हसला. हसणं थांबल्यावर जरा दचकल्यासारखा झाला, जणू बऱ्याच दिवसांनी स्वतःचा आवाज ऐकला होता. विशाखाच्या ते लक्षात आलं, पण का ते तिनं विचारलं नाही.

एप्रिलमध्ये तो म्हणाला, "नुसतं हात हलवत चालण्यात काय मजा? माझ्याकडे एक जादा सॅक आहे." जांभळ्या रंगाची होती. विशाखानं ती पाठीला लावली, आणि काय सांगू — पट्टे असे बसले की एक बोटभर सुद्धा सैल करावे लागले नाहीत! विनीत बघतच राहिला. मग पटकन मान वळवून खाडीतल्या बगळ्यांकडे बघायला लागला. बगळ्यांत एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

'तुम्ही'चं 'तू' जून महिन्यात झालं. त्या दिवशी हवा अशी होती की ओलं फडकं तोंडावर दाबल्यासारखं वाटावं. उम्म अल हस्समच्या गल्लीत एसीचं पाणी वरून टपटपत होतं. विशाखा त्याखाली जाऊन उभी राहिली आणि हात पसरून म्हणाली, "बघ विनीत, पाऊस!" नुसतं 'विनीत' आणि 'बघ'. तिला कळलंही नाही. त्याला कळलं. तिच्या कपाळावरचा एक थेंब पुसायला त्यानं हात उचलला... आणि अर्ध्यात थांबवून आपलंच कपाळ पुसलं.

"हे काय गो बाय, आरशासमोर गाणी म्हणतेस हल्ली?" शरीफाखालानं त्या रात्री जेवताना पकडलंच तिला. शरीफुन्निसाखाला म्हणजे फ्लॅटची मालकीण, रत्नागिरीची, तीस वर्षं बहरीनमध्ये. तिच्यापासून काही लपत नसे.

"कुठं काय खाला! चालण्यानं तब्येत सुधारली."

"हां, तब्येतच ती. नाव काय तब्येतीचं?"

जुलैमध्ये एकदा सॅक पुसताना विशाखाला आतल्या कप्प्याची चेन दिसली. ओढली. आत केसांचा एक चाप होता आणि चौघडी घातलेला कागद. कागदावर बाईचं टपोरं अक्षर — मीठ, मोज्यांच्या तीन जोड्या, लिंबाचं लोणचं (गोड नको), विनूच्या गोळ्या.

विशाखानं ती यादी दोनदा वाचली. संध्याकाळी तिनं कागद विनीतच्या हातात ठेवला.

त्यानं कागदाच्या घडीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "अश्विनी. माझी बायको. नर्स होती इथंच." मग एकेक सांगत गेला. हा नकाशा अश्विनीचा. तिच्या वॉर्डातल्या एका फिनलंडच्या पेशंट बाईनं तिला दिलेला. दोन वर्षं दोघांनी लीव्ह साठवली, सॅका आणल्या, घरातल्या घरात पाठीला लावून बघितल्या. निघायला तीन आठवडे राहिले आणि तापाचं निमित्त झालं. अकरा दिवसांत सगळं आटोपलं. त्याला आता तीन वर्षं झाली.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू अशी हसली असतीस माझ्याशी?"

विशाखा घरी आली आणि उशीत तोंड खुपसून रडली. अश्विनीसाठी रडली, विनीतसाठी रडली, आणि खोटं कशाला बोला, सगळ्यात जास्त स्वतःसाठी रडली. कारण तोपर्यंत तिचा जीव पुरता गुंतला होता.

त्यातच ऑगस्ट उजाडला. विनीतचा विझा आला. त्याचं सप्टेंबरचं जाणं ठरलं. विशाखाचं काँट्रॅक्ट एकतीस ऑगस्टला संपत होतं. दवाखाना पुढच्या दोन वर्षांची सही मागत होता. आणि लांज्याहून बाबांचा रोज फोन — मुलगा चांगला आहे, प्रवीण नाव, आयटीआयमध्ये शिकवतो, माणसं साधी आहेत, काय ते एकदा सांग बाय.

एकोणतीस तारखेला खाडीवर ओहोटी होती. चिखलाचा खारट वास सुटला होता. विशाखानं चालता चालता एकदम थांबून विचारलं, "सही करू की नको?"

"ते तू ठरवायचं."

"मी ठरवून झालंय. तू सांगायचं बाकी आहे." ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "तू म्हणालास थांब, तर मी थांबते. बाबांना सांगते. एक वर्ष, दोन वर्षं, तुला लागेल तेवढा वेळ घे. फक्त तोंडानं म्हण."

तो काठीनं वाळूत रेघा ओढत राहिला.

"विनीत... त्या खोलीचा नियम काय होता? शेवटी येतो त्याचा हक्क पहिला ना?"

त्यानं वर बघितलं. डोळे भरलेले.

"आधी आलेल्यानं विसावा घेतलेला असतो, विशाखा. म्हणून त्यानं उठायचं. अश्विनीनं तर... तिनं अजून पाठीवरची सॅकसुद्धा उतरवली नाही गं. दारातच उभी आहे. तिला कसं सांगू, तू सर म्हणून?"

बस्स. विशाखा तशीच घराकडं वळली.

विशाखानं सही केली नाही, आणि विनीतला ते सांगितलंही नाही. लांज्याला होकार कळवला. बाबांनी दुसऱ्याच दिवशी चार माणसं बोलावून सुपारी फोडली. पण विनीत निघायच्या आदल्या दिवशी ती गॅरेजवर गेली, जांभळी सॅक घेऊन. यादीतलं सगळं तिनं आणून भरलं होतं. मीठ. मोज्यांच्या तीन जोड्या. गोळ्या. चाप आणि कागद होते तसे, आतल्या कप्प्यात. आणि लिंबाचं लोणचं, तिनं स्वतः घातलेलं.

"गोड नाही घातलं," ती म्हणाली. "अश्विनीताईंना घेऊन जा. त्यांना थकू देऊ नकोस."

विनीतनं सॅक छातीशी धरली. ग्रीसचे हात होते, जांभळ्या कापडावर डाग पडले. तेवढं बघून विशाखा मागं फिरली. रस्ता ओलांडताना तिला समोरची गाडीही दिसली नाही. ड्रायव्हर अरबीत काय काय बोलला असेल ते बोलला.

मग प्रवीणचा व्हिडिओ कॉल आला. लाजरा माणूस, बोलताना चष्मा सारखा करायचा. "तुम्हाला चालायला आवडतं असं तुमचे बाबा म्हणाले," तो म्हणाला. "मला सवय नाही हो. पण मी काल बूट आणलेत. रोज आयटीआयच्या मैदानाला दोन फेऱ्या मारतो. तुम्ही येईपर्यंत चार होतील." आणि त्यानं पाय उचलून कॅमेऱ्यासमोर बूट धरला. पांढराशुभ्र, लेस उलटीसुलटी ओवलेली. विशाखाला हसू आलं आणि त्या हसण्याचंच रडू आलं. "होतील चार," ती म्हणाली. "मी आल्यावर आपण पाच करू." हा शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं दिला.

वीस सप्टेंबरला तिची फ्लाइट होती. सकाळीच दवाखान्याच्या माणसानं कागद हातात दिले — रेसिडेन्सी कॅन्सल, खलास. दुपारी बॅगेला कुलूप लावताना मोबाईल वाजला.

विनीतचा फोटो होता. लाकडाची भिंत, खिडकीत पिवळीधमक झाडं, खिडकीखाली टेबलावर उघडी वही. परक्या अक्षरांच्या ओळींखाली मराठीत दोन ओळी —

अश्विनी. पुढचा मुक्काम : इथेच.

विनीत. पुढचा मुक्काम : बहरीन, तुबली.

खाली मेसेज होता. "तिची सॅक उतरवली मी. रात्रभर चूल पेटती ठेवली. सकाळी वाटलं, ती झोपली आता, शांत. लोणचं फार छान झालं होतं. विशाखा, मी सोमवारी येतोय. सही केलीस ना? तू थांब. आज तोंडानं म्हणतोय — थांब."

विशाखा पलंगावर बसली. ज्या एका शब्दासाठी तिनं सहा महिने खाडीचा काठ झिजवला होता तो शब्द आला होता, आणि तो आला तेव्हा तिच्या हातात विमानाचं तिकीट होतं.

तिकीट फाडता आलं असतं. नवा विझा काढता आला असता. बाबा रागावले असते, मग निवळले असते. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण मग तो पांढरा बूट डोळ्यांपुढं आला. उलटीसुलटी लेस. शेवटी येतो त्याचा हक्क पहिला... नियम तर तिनंच विनीतला ऐकवला होता. आता शेवटी आलेला प्रवीण होता. नुकता कुठं आत येऊन दाराशी टेकला होता बिचारा. त्याला उठ म्हणायचं? कुणीतरी दारात ताटकळत ठेवलं की कसं वाटतं, ते विशाखाला चांगलं ठाऊक होतं.

आणि विनीत? विनीतपाशी तिनं विसावा घेतला होता. ऊबही घेतली होती. काठीच्या एका टोकानं का होईना, पूल ओलांडला होता.

"गो बाय, टॅक्सी आली खाली," शरीफाखाला दारातून म्हणाली. तिनं विशाखाचा चेहरा बघितला आणि आणखी काही न विचारता बॅग स्वतःच उचलली.

"आले खाला. एक मिनिट... वहीत लिहायचं राहिलंय."

स्क्रीन धूसर दिसत होती. तिनं डोळे पुसले, एकेक अक्षर नीट लिहिलं आणि पाठवून दिलं —

"विशाखा. मुक्काम : तुबली, मार्च ते ऑगस्ट. पुढचा मुक्काम : लांजा. लाकडं फोडून ठेवली आहेत. मागून कुणी येईल तिला थंडी वाजू देऊ नकोस."