कार्डात नसलेला निळा

गॅरेजच्या अर्ध्या शटरखालून ती वाकून आत आली. एका हातात रोलर, दुसऱ्या हातात शेडकार्ड, आणि केसांवर पावसाचे थेंब की रंगाचे शिंतोडे, ते सांगणं कठीण.

"ब्लूजसाठी माणूस हवाय ना? आले मी. कुठली भिंत?"

आत तिघे जण होते. मांडीवर गिटार घेतलेला मेकॅनिक, ड्रममागे बेकरीवाला, आणि बेस गिटारच्या वायरीत पाय अडकवून बसलेला चष्म्याच्या दुकानाचा मालक. 'ब्लूजसाठी माणूस हवा, गॅरेजमध्ये भेटा' ही चिठ्ठी मेकॅनिकनेच लिहिली होती आणि जागा मिळाली म्हणून रंगाच्या दुकानात चिकटवली होती. आता तिथे ब्लू म्हटल्यावर रंगारीण दुसरं काय समजणार? तिने आपलं आकाशी, मोरपंखी, शाईचा, सगळे निळे दाखवायची तयारी ठेवली होती.

"ब्लूज म्हणजे... गाणी," मेकॅनिक चाचरत म्हणाला. "दुःखाची. आम्हाला गाणारं माणूस हवंय."

तिने शेडकार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "दुःखाचा निळा यात नाही. पण गाता येतं मला."

येत होतंच. फक्त तिचा आवाज जाड होता. फोनवर गिऱ्हाइकं तिला बिनदिक्कत 'दादा' म्हणायची, आणि शाळेत गाण्याच्या सरांनी तिला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. तेव्हापासून ती भिंतींसाठी गात होती. भिंतींची कधी तक्रार नव्हती, पण एकदा तरी माणसांसमोर तोंड उघडून गायचं, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

आणि इकडे कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाची मालकीण या तिघांना रविवारची संध्याकाळ द्यायला तयार होती, पण गाणारं कोणी असेल तरच. नुसती टणटण नको, असं तिने तोंडावर सांगितलं होतं.

मेकॅनिकने स्वतः रचलेलं गाणं तिच्या पुढ्यात ठेवलं. 'दार उघडं ठेवलंय मी... येणार नसशील, तर निदान लावायला ये.' ती गायली. बेकरीवाल्याचा ठेका चुकला, चष्मेवाला उगाच काचा पुसत बसला. दोघांनी तिथल्या तिथे तिला पसंत केलं. मेकॅनिकला तर आवाज इतका आवडला की त्याची पंचाईत झाली. पण 'लावायला ये' म्हणताना ती चक्क हसली होती.

"आवाज आहे," तो म्हणाला, "पण दुःख कुठंय?"

मग रोज संध्याकाळी दुःखाची शिकवणी सुरू झाली. कोणी सोडून गेलेलं आठवा, तो सांगायचा.

"सोडून जायला आधी कोणी यावं लागतं," ती म्हणायची. "आहे का तुमच्या ओळखीत कोणी?"

त्याचे कान लाल व्हायचे, आणि ते बघायला तिला फार आवडायचं. तोही आवडायला लागला होता. ते स्वतःपासून लपवायची तिने तसदीही घेतली नाही. तिच्याबरोबर रंगकाम करणारी आत्या शिडीवरून ओरडली, की एकाच कोपऱ्यावर किती वेळ रोलर फिरवशील, लक्ष कुठंय तुझं? तर हिने शांतपणे सांगितलं, "गॅरेजमध्ये."

शनिवारी मेकॅनिक गिटारकडे बघत बोलला. त्याने दुसऱ्या एका बाईंना विचारलं होतं. त्यांनी आयुष्यात बरंच सोसलंय, रविवारी त्या गातील.

सरांनी मागे उभं केलं तेव्हासुद्धा तिला इतकं लागलं नव्हतं. पण मान खाली घालून निघून जाणारी ती नव्हे. "बरं," ती म्हणाली. "जायच्या आधी एकदा गाते."

ती गायली. 'लावायला ये' ही ओळ आली आणि ती हसली नाही.

"मिळालं की दुःख," बेकरीवाला पुटपुटला.

मेकॅनिकने तारांवर पंजा ठेवला. "नको... असं नको गाऊस. मला ऐकवत नाही."

"का? हेच हवं होतं ना?"

बेकरीवाल्याला अचानक भट्टीतले पाव आठवले. जाताना त्याने चष्मेवाल्यालाही ओढून नेलं.

"मला वाटायचं, दुःख नसलं तर गाणं खोटं," मेकॅनिक म्हणाला. "पण तू त्या ओळीला हसतेस ना — तेव्हा वाटतं, दार लावायला आलेला माणूस आता परत जायचाच नाही. आतून लावून घेईल. तो माणूस... मला व्हायचंय."

"त्या बाईंना नको म्हणून सांग आधी."

"आत्ताच सांगतो."

"आणि?"

"आणि... तू मला आवडतेस."

"किती वेळ लावलास," ती म्हणाली. "रंगाचा दुसरा हात मारेपर्यंत पहिला वाळून खडखडीत झाला." आणि तिने त्याचा ग्रीस लागलेला हात आपल्या हातात घेतला.

रविवारी कॉफीचं दुकान गच्च भरलं होतं. ती अगदी पुढे उभी राहिली, पोटातून गायली, हवं तिथे हसली. गाणं संपलं तरी कोणी कप उचलेना. मग मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "परत म्हणा ना."

तिने वळून मेकॅनिककडे पाहिलं. "परत?"

"रोज," तो म्हणाला. माइक तोंडाजवळच होता, त्यामुळे ते सगळ्या दुकानाने ऐकलं.