बिचाऱ्याचं वजन

जमिनीत मुरलेलं विष वाफ होऊन वर येतं आणि वरच्या दुकानातली माणसं ते हुंगत बसतात. किती हुंगलं की किती बिघडेल, हे सांगणं हा माझ्या मामाचा धंदा. मी त्याच्या हाताखाली. बाबा गेल्यावर त्यानेच मला या कामाला लावलं. आई अजून दर दोन वाक्यांनंतर त्याचे उपकार आठवते.

हिशेबाला एक माणूस लागतो. तो खरा नसतो. तो कचेरीच्या वेळेत रोज त्याच खोलीत बसतो, वर्षानुवर्षं, खिडकी न उघडता. त्याला बढती नाही, बदली नाही. आम्ही त्याला 'बिचारा' म्हणतो. त्याचं वय, उंची, वजन भरायचं आणि उत्तर काढायचं.

या वेळी काम एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. तिथे पूर्वी ड्रायक्लीनिंग चालायचं, त्याचं रसायन फरशीखाली झिरपलेलं. आता तिथे विम्याची कचेरी येणार होती. रिकामी खोली, भिंतीवर कपडे टांगायच्या दांड्यांचे व्रण, मध्ये कुणीतरी सोडून गेलेली एक खुर्ची. मी फरशीला बोटभर भोक पाडलं, नळी खुपसली, कडा ओल्या मातीने लिंपल्या आणि पोलादी बाटली जोडली. तिच्यातली हवा आधीच काढलेली असते, त्यामुळे ती खालची वाफ सावकाश ओढून घेते. दाराला चिकटपट्टी लावून मी निघालो.

प्रयोगशाळेचा आकडा असा आला, की बिचारा रुजू होण्याआधीच निवृत्त झाला असता.

"पुन्हा नमुना घे," मामा म्हणाला. मग सहज, "तुझं वजन किती रे सध्या?"

"का? उचलून नेणार आहेस?"

"भाच्याची चौकशी करू नये का?"

मी सांगितलं. घरी हे ऐकून आईला तर भरूनच आलं.

दुसऱ्या खेपेला दाराची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. आत वास नव्हता. खुर्ची मात्र भोकाकडे तोंड करून होती आणि तिची बैठक गरम होती. मी हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. त्या खोलीत ऊन येत नाही.

आकडा आला शून्य.

जमिनीतलं विष असं आठवड्यात जात नाही. ते जुन्या भाडेकरूसारखं असतं, कोर्टात गेलात तरी हलत नाही.

त्याच दिवसांत माझं डोकं दुखू लागलं. कचेऱ्या उघडल्या की सुरू, बंद झाल्या की बंद. रविवारी सुट्टी. इतकं शिस्तीचं दुखणं मी पाहिलं नव्हतं. घरी अंथरुणात पडून असलो तरी तोंडात नुकत्याच ड्रायक्लीनिंग होऊन आलेल्या कोटाच्या वासासारखी गोडसर चव.

शनिवारी मामाकडे गेलो. मामी गेल्यापासून तो एकटाच असतो.

"विष गेलं कुठे?"

तो चष्मा पुसत राहिला. "खोट्या माणसाचे आकडे घातले, तर खोलीतच राहतं."

"आणि खऱ्याचे घातले तर?"

"कचेरी सुरू होते. चार घरांची पोटं भरतात."

"माझ्याआधी कुणाचे घालायचास?"

मामी उभ्या आयुष्यात घराबाहेर कामाला गेली नव्हती. तरी शेवटच्या आजारात डॉक्टरांनी विचारलं होतं, "यांनी ड्रायक्लीनिंगच्या कारखान्यात किती वर्षं काढली?" आम्ही सगळे हसलो होतो. सगळ्यात जोरात मामा.

मला विनोद सुचेना.

"मला काढ त्यातून."

"काढता येत नाही. बदलता येतं."

"मग तुझे घाल."

"मी वजनकाट्यावर चढत नाही," तो म्हणाला. मग, "आईचं वजन माहितीये तुला?"

"नाही."

खोटं बोललो.

"असू दे." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "सख्खी बहीण आहे. मला सांगेल."

मी पळतच घरी आलो. आई फोन ठेवत होती.

"मामाचा होता," ती म्हणाली. "किती काळजी करतो रे आपली."

सोमवारी कचेऱ्या उघडल्या.

माझं डोकं दुखलं नाही.

आई भांडी अर्धवट टाकून आली आणि खुर्चीत बसली. पाठ सरळ, ओले हात मांडीवर.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "बसायची वेळ झाली."