सारवलेली ओसरी

खुर्चीत बसायच्या आधीच वैभवी म्हणाली, "माह्या नवऱ्याले मारलं. सासूनं, नाहीतं चुलतसासऱ्यानं."

रिसोडच्या बाजारात, आडत दुकानाच्या माडीवर सुकेशनी तायडेचं ऑफिस. खासगी तपास तिचा धंदा, आणि पोलिसातून रिटायर झालेले भिवाजी तिचे जोडीदार. दोघांनी तिला बोलू दिलं.

वैभवीचा नवरा मुन्ना फौजेत. सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि त्याची सुट्टी रद्द झाली. माहेरी आलेली वैभवी सोमवारी दुपारी निरोप द्यायला मानोऱ्याकडच्या सासरी धावली, तर सासू म्हणाली, सकाळीच गेला. फोन बंद. पलटणीत तो पोचलाच नाही. शनिवारपर्यंत हजर झाला नाही तर भगोडा ठरणार होता.

"अन् मी गेली तं ओसरी ताजी सारवलेली, ओली," ती म्हणाली. "रक्त झाकलं त्यायनं."

भिवाजींचं तिथंच ठरलं. ओसरी खणायची, प्रेत काढायचं, झालं काम! वैभवीला घेऊन तिघं सासरी निघाले; वाटेत भिवाजींनी कुदळही मागून घेतली.

चुलतसासरा पुंजाजी फाट्यावरच भेटला. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणावरून मुन्नाचे पाय तोडायची धमकी त्यानं भर गावात दिली होती, आणि ती त्यानं बिनदिक्कत कबूल केली. सोमवारी सकाळपासून तो याच फाट्यावर टपून बसला होता म्हणे. मुन्ना आलाच नाही. गावाला दुसरा रस्ता नाही.

"खोटारडा," भिवाजी पुटपुटले.

सासू रुखमाबाई ओसरीत, बियाण्याच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसली होती. पाहुणे आले तरी उठली नाही. ओसरी कोणी सारवली, असं सुकेशनीनं विचारलं.

"मीनं. सोमवारीच. काहून, सारवाले तुमची परवानगी लागते?"

मग ती तोंड सुटल्यासारखी बोलत गेली. तिचा सासरा एकाहत्तरच्या लढाईत गेला. सासू भुरीबाई लेकरू पाठीशी बांधून ऊसतोडीला पार पश्चिमेकडं गेली, परक्या फडात राबली. ते लेकरू म्हणजे रुखमाबाईचा नवरा. तोही फौजेत गेला आणि कारगिलला पडला. मुन्ना तेव्हा पोटात होता.

"अन् ही पांढऱ्या पायाची," तिनं सुनेकडं बोट केलं. "दिवाळीले त्यानं उंबरा ओलांडला न् हिनं झाडू हातात घेतला. मी हिसकला. माणूस बाहेर निघाल्याबरोबर घर झाडतेत काय? ते मयत नेल्यावर करतेत."

वैभवीनं तिला नाही नाही ते सुनावलं. बोलता बोलता तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तोंड थांबलं नाही.

भिवाजींनी कुदळ उचलली.

"ठेवा ती, भाऊ," सुकेशनी म्हणाली. "जी बाई पोरगा गेल्यावर सुनेले झाडू लावू देत नाही, ती त्याच दिवशी स्वतः ओसरी सारवंन? लढाईवर जाणाऱ्या एकुलत्या पोराच्या मागं? हात झडले तरी नाही सारवणार. सारवली, कारण तिच्या हिशेबानं घरातून कोणी गेलंच नव्हतं. पुंजाजी खरं बोलले. रुखमाबाई, दारातून उठा."

रुखमाबाई उठली नाही. दार आतूनच सरकलं. सोयाबीनच्या पोत्यांमागून मुन्ना दारात आला, दाढी वाढलेला, मान खाली. जाशील तर विहिरीत उडी टाकीन, म्हणून मायनं शपथ घातली होती.

वैभवीनं पुढं होऊन त्याच्या थोबाडीत मारली.

"दोन दिले," रुखमाबाई म्हणाली. "तिसरा कायले देऊ?"



"माय, भगोडा म्हणून या गावात कसा जगू?" मुन्ना म्हणाला. "सोड मले."

 रुखमाबाई बसल्या बसल्याच दारातून बाजूला सरकली.

मुन्ना सुकेशनीच्या गाडीत बसून गेला. एवढ्या माणसांच्या चपलांनी ओसरीभर माती झाली होती. वैभवीनं कोपऱ्यातला झाडू उचलला, तशी रुखमाबाई ताडकन उभी राहिली.

सासूकडं न बघता वैभवीनं तो बियाण्याच्या खोलीत टाकला आणि बाहेरून कडी लावली.