सहा वाजून दहा मिनिटांचा उंचवटा

सहा वाजून दहा मिनिटांनी संग्रामरावांची साखर पुन्हा वर गेली. महिन्याभरातली ही एकोणिसावी संध्याकाळ! हर्षदाबाई किर्दत यांनी गाडी फाटकाशी लावली, मनगटावरच्या पट्टीत उमटलेला उंचवटा पाहिला आणि पदर खोचला. घरात शिरून त्यांनी आधी डबे हुंगले, मग नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, आ करा."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या त्या साठीच्या गृहस्थांनी निमूटपणे आ केला. कंदी पेढ्याचा वाससुद्धा नव्हता.

"खरंच काही खाल्लं नाही गं."

"मग रेषा खोटं बोलते का?"

त्या काळच्या साताऱ्यात रेषा खोटं बोलत नाही, हे कुणीही सांगितलं असतं. पन्नाशी उलटली की दंडाच्या कातडीखाली तांदळाएवढा 'मधुकण' बसवायची रीतच पडली होती. रक्तातली साखर तो मिनिटामिनिटाला मोजी, आणि ती वाढली की औषधाचा थेंब सोडून दहा-पंधरा मिनिटांत खाली आणी. साखरेची ही चढउतार थांबली आणि माणसांचं नशीबच पालटलं. डोळे, मूत्रपिंडं, पायांच्या नसा, हृदय, सगळं म्हातारपणीही शाबूत राहू लागलं. दुपारच्या जेवणानंतरची पेंगसुद्धा गेली. फक्त उंचवटे रोजचे झाले, तर हळूहळू कणाचंही काही चालत नसे. म्हणून प्रत्येकाला घरातलाच एक 'राखणदार' नेमून द्यावा लागे, आणि रेषा त्याच्या मनगटावर दिसे.

संग्रामरावांच्या राखणदार अर्थातच हर्षदाबाई. त्यांच्या वडिलांचा पाय साखरेपायी गुडघ्यापासून कापला होता, आणि तेव्हाही ते उशीखाली पेढे लपवत. दुधानं असं तोंड पोळल्यावर बाई ताक फुंकूनच पिणार. त्यांना नवरा गमवायचा नव्हता, एवढंच खरं होतं. बाकी मुख्याध्यापिकेचा आवाज शाळेत ठेवून घरी यायचं त्यांना कधी जमलं नाही, हेही खरं.

शनिवारी त्या डॉ. नीलाक्षी शेंडेंकडे गेल्या. मधुकणावर संशोधन करणारी ही डॉक्टरीण एके काळी त्यांच्याच शाळेत सातवीला होती.

"बाई, तुम्ही घरी किती वाजता पोचता?"

"सहा दहाला. म्हणूनच तर! मी यायच्या आत उरकतात. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं."

नीलाक्षीनं पडद्यावर रेषा मोठी केली. "पेढा खाल्ला की साखर रक्तात उतरायला पंधरा-वीस मिनिटं जातात. चढ सावकाश असतो. हा बघा, एका दमात चढलाय. ही साखर बाहेरची नाही, बाई. घरचीच आहे."

"म्हणजे?"

"यकृतात साखरेचा साठा असतो. समोर वाघ आला तर पळायला ताकद लागते, म्हणून भीती वाटताच शरीर तो साठा रक्तात ओततं. तोंडात कण न घालताही साखर वाढते."

"आमच्या घरात कुठला आलाय वाघ?" बाई हसल्या.

नीलाक्षी हसली नाही. तिनं मागच्या गुरुवारची रेषा काढली. त्या दिवशी बाई वाईला लग्नाला गेल्या होत्या. रेषा दिवसभर सपाट होती.

"मी नव्हते, म्हणजे त्यांनी ताव मारायला हवा होता," बाई म्हणाल्या. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"सातवीत तुमच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला, की आमचे तळहात ओले व्हायचे." नीलाक्षीची मान खाली होती. "तुम्ही आमच्या भल्यासाठीच रागवायचात, हे आम्हाला तेव्हाही कळायचं, बाई. तरी व्हायचे."

बाईंनी पर्स उचलली. पोरगी जास्तच शिकलीय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. यंत्र बिघडलं असेल. नाहीतर दोघांनी मिळून बनाव रचला असेल, कुणी सांगावं! तरीही राजवाड्याजवळच्या दुकानासमोर त्यांचे पाय थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्यासाठी पाव किलो कंदी पेढे बांधून घेतले.

पायीच घराशी पोचल्या तेव्हा चार वाजले होते. फाटकाबाहेर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. आतून रेडिओ ऐकू येत होता, आणि त्यासोबत संग्रामराव मोकळ्या गळ्यानं गात होते. ते गातात, हे बाई विसरूनच गेल्या होत्या. मनगटावर रेषा शांत होती. अशी निरोगी रेषा त्यांनी स्वतः घरात असताना कधी पाहिली नव्हती.

त्यांनी फाटकाची कडी काढली. कडी वाजली. गाणं थांबलं. रेषा चढली.

त्या दारात आल्या तेव्हा संग्रामराव खुर्चीतून उठून उभे होते. कुणी न सांगताच त्यांनी आ केला.

बाईंना रडू कोसळेल असं वाटलं. "मिटा हो तोंड," त्या कशाबशा म्हणाल्या आणि पुडा सोडून पुढे धरला. "घ्या. मीच देतेय. एकानं काही होत नाही."

संग्रामरावांनी पेढा उचलला. त्यांनी पेढ्याकडे पाहिलं, मग बायकोच्या मनगटाकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे.

"काय झालं गं?" त्यांनी हळूच विचारलं. "माझं काय चुकलं?"

पेढा अजून त्यांच्या हातातच होता. पट्टीवरची रेषा मात्र चढतच गेली, त्या एकोणीस संध्याकाळी कधी गेली नव्हती इतकी वर.