हाय्रियाचा डावा पाय

एरवी मी थापा मारते. गावात कुणालाही विचारा. माझ्या आजोबांनी अस्वलाला राकियाची दारू पाजून स्वतःच्या वरातीत नाचवलं, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच ते खरं वाटतं.

पण ही थाप नाही.

ही माझ्या वहिनीची, हाय्रियाची गोष्ट. घडली तेव्हा मी तिथंच होते, हातात कॉफीचं तबक घेऊन. आणि रात्र नव्हती हं. सुरुंग काढणारी माणसं अंधारात काम करत नाहीत. सप्टेंबरातला गुरुवार. दुपारचे बारा. बोस्नियात, ऊना नदीच्या काठावरचं आमचं क्रुश्निक गाव. सत्तर माणसं बघत होती.

आधी थोडं मागचं सांगते.

युद्ध संपलं त्या वर्षी हाय्रिया आपल्या आलुबुखाराच्या बागेत गेली. झाडं नुसती वाकली होती फळांनी. युद्ध संपलं होतं, म्हणून तर गेली ना.

तिसऱ्या झाडाखाली तिचा डावा पाय गुडघ्यापासून उडाला.

किंकाळी ऐकून माझा भाऊ रामिझ धावला. त्याला चौघांनी धरलं होतं. त्यानं चौघांनाही झटकलं.

त्याच्या पायाखाली दुसरा सुरुंग होता.

दोघांनाही दोराला आकडा बांधून बाहेर ओढलं. ती जगली. तो नाही.

आमच्याकडे माणसाचा तुटलेला अवयवसुद्धा मातीला देतात, पांढऱ्या कापडात गुंडाळून. इमाम विचारायला आले, "हिचा पाय कुठंय?"

सगळ्यांनी बागेकडे पाहिलं.

कोण जाणार होतं आणायला?

रामिझला पुरलं. पाय तिथंच राहिला. मग बागेला दोरी लागली, कवटीच्या लाल पाट्या लागल्या, आणि वीस वर्षं आलुबुखार झाडावर पिकून खाली कुजत राहिले. वारा आला की घरभर तो गोड वास. हाय्रिया खिडक्या लावून घ्यायची.

तिला एक खोड होती. पाऊस पडला की म्हणायची, "झुमरा, माझ्या डाव्या पायाला गार लागतंय गं."

"तुझ्या लाकडी पायाला खिळे आहेत, वहिनी. फार गार वाटत असेल तर तेल घाल."

हसायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं. पाय जातो, पण डोक्याला कळत नाही.

ठीक आहे. डॉक्टरांचं ऐकलं आम्ही.

शेवटी आमच्या बागेचा नंबर लागला. दोन्ही काठांनी मिळून काम घेतलं होतं. सुरुंग काढणारी टोळी आमची, बोस्नियाची. तिचा मुकादम माझाच मुलगा नुसरेत. एकुलता एक. वास घेणारी कुत्री पलीकडची, क्रोएशियाची. तिचं नाव मुर्वा, आणि तिचा माणूस स्त्येपान. हाय्रियाचा खोटा पायसुद्धा पलीकडच्याच कारखान्यात बनलेला. स्त्येपान तिला चिडवायचा, "मावशी, तुझा एक पाय आमचा आहे. अर्धी बाग आमच्या नावावर कर."

"आधी तुझ्या मिशा माझ्या नावावर कर. मग बघू."

आणि नकाशा कुणी दिला माहितीये? ज्यानं सुरुंग पेरले होते, त्यानंच. ओब्राद नावाचा म्हातारा. तेव्हा समोरच्या फौजेत होता. कागदाची चौघडी खिशात घालून स्वतः आला. हाय्रियाच्या तोंडाकडे बघेना. तिच्या पायाकडेही बघेना.

"वरच्या अंगाला दोन रांगा पेरल्या," तो म्हणाला. "खालच्या अंगाला, नदीकडं, एकही नाही. शपथ घेतो, बाई."

हाय्रियानं त्याच्यासमोर कॉफी ठेवली. 

त्यानं ती प्यायली नाही.

सात आठवडे काम चाललं. माणसं पोटावर पडून वीत वीत पुढं सरकायची. हाय्रिया दोरीबाहेर खुर्ची टाकून बसायची, हातात विणकाम. एकच आस. ह्या वर्षीचे आलुबुखार स्वतःच्या हातानं काढायचे आणि रामिझच्या नावानं मुरंबा करून गावभर वाटायचा. सत्तरी ओलांडली होती. पुढचं वर्ष दिसेल याची खात्री कुणी द्यावी?

काम संपलं. सोपवणीचा दिवस ठरला. गुरुवार.

आणि त्या आठवड्यात... ठसे दिसायला लागले.

पहिल्यांदा सोमवारी सकाळी. धुकं होतं. नुसरेत बागेत शिरला आणि जागच्या जागी थांबला.

ओल्या मातीत पाऊल.

अनवाणी.

एकच. डावं.

त्याच्यापुढं हातभर अंतरावर पुन्हा डावं. पुन्हा डावं. मध्ये उजवं कुठंच नाही.

"कुणा पोराची मस्करी असेल," स्त्येपान म्हणाला. "लंगडी खेळत गेलं असेल."

"सुरुंगाच्या बागेत? लंगडी?" नुसरेत म्हणाला. मग हसून हाय्रियाकडे वळला. "मामी, हे तुझंच काम दिसतंय."

हाय्रिया हसली नाही. दोरीवरून वाकून बघत राहिली.

पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

मला माहीत होतं ते बोट. लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्या पायाला मीच मेंदी लावली होती. ती करंगळी सरळ राहीना म्हणून तासभर हसलो होतो आम्ही.

मंगळवारी ठसे खाली उतरले होते. बुधवारी आणखी खाली... नदीकडच्या अंगाला. तिथं ते संपले. शेवटचा ठसा खोल होता, जसं कुणी बराच वेळ एका पायावर उभं राहिलंय.

स्त्येपाननं मुर्वाला तिकडे नेलं. कुत्री ठशापाशी आली. हुंगलं.

आणि बसली.

ही कुत्री कधी बसते ठाऊक आहे ना? खाली सुरुंगाची दारू असली की. भुंकत नाही, उकरत नाही. नुसती बसते आणि आपल्या माणसाकडे बघते.

नुसरेतनं सुरुंग शोधायचं यंत्र फिरवलं. एकदा. दोनदा. पाच वेळा.

यंत्र गप्प.

"म्हातारी झाली रे तुझी कुत्री."

"नऊ वर्षांत कधी चुकली नाही ती," स्त्येपान पुटपुटला. पण यंत्र गप्प, नकाशा कोरा. दोन्हीकडच्या साहेबांना आमंत्रणं गेलेली. कुत्री चुकली असं ठरलं.

त्या संध्याकाळी हाय्रिया जेवली नाही.

"झुमरा, माझा पाय चिखलात आहे," ती म्हणाली. "बोटांच्या मधे चिखल लागतोय. आणि टाचेखाली..."

"काय?"

"काहीतरी गोल आहे. बुटाच्या पॉलिशची डबी असते ना, तेवढं."

मी म्हटलं, "झोप आता. उद्या पाहुणे यायचेत."

मी म्हटलं असं. मीच.

गुरुवार उजाडला. ऊन स्वच्छ. गावानं पिता, म्हणजे सारण भरलेल्या रोट्या, भाजल्या, पलीकडच्या पाहुण्यांसाठी राकियाच्या बाटल्या काढल्या. एकानं अ‍ॅकॉर्डियन आणला. भाषणं झाली. मग आमच्याकडची रीत. जमीन सोपवायच्या आधी ज्यांनी साफ केली ते स्वतः तिच्यावरून चालून दाखवतात. नुसरेत, त्याची टोळी आणि स्त्येपान, सगळ्यांनी हातात हात गुंफले आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बागेतून चालत गेले. बायका डोळे पुसत होत्या. मी तर तबकच हिंदकळवलं.

काही झालं नाही.

टाळ्या पडल्या.

राहिली होती फक्त पाटी. 'ही जमीन निर्धोक आहे.' ती लोखंडी खांबावर, आणि खांब जमिनीत ठोकायचा. छातीइतका उंच खांब. त्यातला हातभर मातीत जाणार. भोक पाडलेलं होतं फाटकापाशी.

तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा नदीकडं घ्या ना. मागं पाणी दिसेल."

नुसरेतनं खांब उचलला. नदीकडं गेला.

अगदी तिथंच गेला... जिथं ठसे संपत होते.

खांब टेकवला. घण उचलला.

हाय्रिया माझ्या शेजारी खुर्चीत होती. तिचा चेहरा पांढरा पडला. तिच्या खोट्या पायाकडं माझं लक्ष गेलं. तो थरथरत होता. लाकूड आणि लोखंड, पण थरथरत होतं.

"नुसरेत!" ती ओरडली.

अ‍ॅकॉर्डियन वाजत होता. त्याला ऐकू गेलं नाही.

पहिला घाव बसला. ठण्ण.

"नुसरेत, थांब! माझ्या पायाखाली आहे!"

दुसरा घाव. ठण्ण.

मला कळेना काय करावं. मी तबक घेऊन नुसती उभी. तिनं मात्र क्षणही घालवला नाही. परकर वर केला, पट्टे सोडले, तो पाय उपसला आणि दोन्ही हातांनी भिरकावला.

सत्तरीपलीकडची बाई. कुठून आला तो जोर, देव जाणे.

पाय हवेत गिरक्या घेत गेला. एका साहेबाची टोपी उडाली. आणि पाय येऊन पडला तो थेट नुसरेतच्या समोर, खांबाला टेकून. उभा.

अ‍ॅकॉर्डियन बंद पडला.

घण वरच राहिला.

"मामी!" नुसरेत चिडून लाल झाला होता. "वेड लागलंय का तुला? एवढ्या लोकांत..."

"नुसरेत," स्त्येपान हळूच म्हणाला. "हलू नकोस."

मुर्वा त्याच्या हातातून सुटली होती. बागेतून पळत गेली. खोट्या पायापाशी पोचली.

आणि बसली.

सगळ्यांना मागं रस्त्यावर नेलं. नुसरेत पोटावर पडला. करणी आणि ब्रश घेऊन माती काढायला लागला. दीड तास. ऊना वाहत होती तेवढाच आवाज. मी एकेक श्वास मोजत होते. माझा एकुलता एक होता तो.

त्याचं कोपर मातीत गेलं, तेव्हा तो थांबला.

प्लॅस्टिकचा होता. पॉलिशच्या डबीएवढा. ऊनाच्या पुरानं त्याच्यावर हातभर गाळ आणून टाकला होता, म्हणून यंत्राला लागला नाही. खांबाचं टोक त्याच्यापासून चार बोटं वर होतं.

तिसरा घाव पुरला असता.

ओब्रादला बोलावलं. खड्ड्याकडं बघून तो मटकन खाली बसला. "हा माझा नाही," एवढंच म्हणत राहिला. "इथं आम्ही कधी आलोच नाही." तो कुणाचा, हे आजतागायत कळलेलं नाही. कुठल्याच नकाशात नव्हता.

बाग पुन्हा बंद झाली. सगळा खालचा गाळ उपसायचा होता. त्या वर्षीचे आलुबुखारही कुजले. हाय्रिया खिडकीत बसून बघत राहिली. पण त्या वर्षी तिनं खिडकी लावली नाही.

गाळ उपसला, चाळला. आम्हाला वाटलं, आता तरी पायाचं एखादं हाड सापडेल. पांढरं कापड मी धुऊन इस्त्री करून ठेवलं होतं.

काही सापडलं नाही. नखसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी मुरंबा झाला. गावभर वाटला. ओब्रादलाही एक बरणी धाडली. इथं गोष्ट संपली असती तर मी सुखानं झोपले असते.

हिवाळ्यात एका सकाळी हाय्रिया दचकली. "झुमरा, पाणी! गुडघ्यापर्यंत पाणी. बर्फासारखं."

तीन दिवसांनी पलीकडून स्त्येपानचा फोन. ते त्यांच्या काठावरच्या कुरणात काम करत होते. इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, एक विचारू? तुझ्या त्या पायाची करंगळी... कशी होती?"

हाय्रियानं डोळे मिटले. 

"पाऊल जिथं थांबलंय," ती म्हणाली, "तिथं खाली खण. खोल खण. सुरुंग असेल."

खणलं.

होता.

मी तिला म्हटलं, "वहिनी, तुझ्या पायाला पासपोर्ट लागत नाही बघ." दोघी हसलो. काय करणार मग?

गेल्या रविवारपासून मात्र ती हसत नाही.

म्हणते, आता गार लागत नाही. चिखल नाही, पाणी नाही. कोरडं आहे. गुळगुळीत. लाकूड आहे खाली.

आमच्या जिन्याला लाकडी पायऱ्या आहेत. तेरा. सोमवारी तिसरीवर ओला ठसा होता. मंगळवारी सहावीवर. रोज सकाळी मी पुसते. कुणाला सांगत नाही. नुसरेतला सांगितलं तेवढं. त्यानं यंत्र आणून सगळं घर तपासलं, दोन फळ्यासुद्धा उचकटल्या.

यंत्र गप्प.

बागेतही गप्पच होतं ना ते.

आज दुपारी आम्ही दोघी वरच्या स्वयंपाकघरात कॉफी घेत बसलो होतो. तिनं मधेच कप खाली ठेवला.

"झुमरा... थांबला."

"कुठं?"

 तिनं माझ्या खुर्चीच्या खाली बघितलं.

मी पाय वर घेतलेत. अजून खाली सोडलेले नाहीत.