लसणाच्या खोऱ्यातली रात्र

सिंगापूरच्या बिशान भागातल्या आपल्या इमारतीखाली, जेवणं आटोपल्यावर, दिलीपकाकांनी पोरांना हे सांगितलं. त्यांच्या बँकेतल्या निशिकांतची बायको वल्लरी, तिच्या बाबतीत घडलेली हकीकत. खोटी म्हणा हवं तर, पण तिच्यासमोर म्हणू नका, असं त्यांनी आधीच बजावलं.

निशिकांतची पहिली बायको सुलेखा आजारपणात गेली. तिच्यासोबत तो दर हिवाळ्यात उत्तर थायलंडच्या डोंगरातल्या एका लहानशा गावी जायचा. नदीकाठी लसणाची शेतं आणि धुकं, दुसरं काही नाही. पण त्या गावाचं नाव निघालं की तो गप्प व्हायचा. वल्लरीला तेच सलायचं. गेल्या डिसेंबरात तिने हट्टाने तिकिटं काढायला लावली. तिथे आता आपली आठवण राहायला हवी, एवढंच तिच्या मनात.

नाताळच्या आदल्या रात्री ते निशिकांतच्या नेहमीच्या, शेतातल्या लाकडी घरात उतरले. थंडी मरणाची. वल्लरी अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरातून गरम पाणी आणायला गेली. घरमालकीण म्हातारीने पाणी ओतलं, वल्लरीच्या खांद्यावरून मागे पाहिलं, ओळखीचं हसली, आणि तिथल्या भाषेत कोणाची तरी विचारपूस करावी तसं बोलली.

वल्लरीने वळून पाहिलं. अंगण रिकामं होतं.

ती खोलीत परतली. दिवा मालवला. तो झोपला, आणि झोपेत हसला... असा तो तिच्याजवळ कधी हसला नव्हता. भीती वाटायला हवी होती. तिचा जळफळाट झाला.

"तो माझा आहे," ती अंधारात म्हणाली.

मग केसांत... गार बोटं. हळू. एकेक बट सोडवणारी.

तिने तोंड उघडलं...

"पुढे?" पोरांतल्या अवनीने विचारलं.

उजाडलं तेव्हा वल्लरी पलंगाच्या कडेला, निशिकांतकडे पाठ करून बसली होती. पाठीवर चौपेडी वेणी. फोटोतल्या सुलेखाची असायची, तशीच. वल्लरीला साधी तिपेडीही धड जमत नाही.

मागे निशिकांत जागा झाला. त्याने वेणीवर हात ठेवला.

"कधी आलीस?" तो म्हणाला. इतक्या मायेने...

वल्लरी वळली नाही.

वेणीच्या टोकाला धागा नव्हता, गाठ नव्हती. तरी सिंगापूरला पोचेपर्यंत ती सुटली नाही.